बत्तीस पायांचा पंचनामा

एप्रिल सरत आला आणि खुर्चीचा हातही तापायला लागला, की सहा संगणकांची ती केस मला हटकून आठवते. त्या वेळी मी केज तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. पुढे नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरची लूटमार पाहिली. त्या गुन्ह्यांचे तपशील आता आठवून काढावे लागतात. या केसमध्ये रक्ताचा थेंब सांडला नव्हता, तरी तिचा एकेक तास लक्षात आहे. कारण त्या दिवशी मी एका निरपराध मुलीला अटक करायला निघालो होतो, आणि मला थांबवणारी माणसं वेळेवर भेटली. त्यांची नावं लिहीत नाही. उपकार मात्र लिहून ठेवायचे आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावोगावी एस.टी.डी. बूथ झाले होते आणि मोठ्या गावांत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागू लागल्या होत्या. आमच्या हद्दीतल्या एका शिक्षणसंस्थेने सहा संगणक घेतले होते. त्या खोलीला पडदे, फरशीवर जाजम, दाराबाहेर चपलांची रांग. लोक मुद्दाम खिडकीतून बघून जात. आमच्या ठाण्यात तेव्हा एक टाइपरायटर होता आणि त्याचं 'ळ' अक्षर उठत नसे. संगणकाबद्दलचं माझं ज्ञान एवढंच, की तो महाग असतो.

त्या सोमवारी सकाळी हजेरी घेतली, लॉकअप पाहिला, स्टेशन डायरीवर सही केली, तोच संस्थेचे अध्यक्ष आले. गावात वजन असलेला माणूस. घामाघूम झाले होते.

"साहेब, पाच मशिनी मारल्या. एका दमात पाच!"

हकीकत अशी. क्लासला एक शिक्षिका होत्या. वय चोवीस-पंचवीस. आईवडील ऊसतोडीला जाणारे; मुलीने औरंगाबादला वसतिगृहात राहून संगणकाची पदविका घेतली होती. जी मुलं क्लासला फिरकलीच नाहीत, त्यांच्या प्रमाणपत्रांवर सही करायला तिने शनिवारी नकार दिला. शब्दाला शब्द वाढला. "उद्यापासून येऊ नका," असं अध्यक्ष मुलांसमोर म्हणाले. तीही दारात उभी राहून म्हणाली, "माझ्याशिवाय ह्या मशिनी चालायच्या न्हाईत." सोमवारी सकाळी साडेसातला ती आली, खोली उघडली, दहा मिनिटं आत होती, मग किल्ली शिपायाच्या हातात ठेवून निघून गेली. आठ वाजता मुलं आली. मशिनी चालू केल्या आणि एकामागून एक पाचही पडदे जागच्या जागी थिजले. बंद करून पुन्हा चालू केल्या, तर आत पंखा फिरतो, पडदा काळा.

समोरच्या हॉटेलवाल्याकडे मी माणूस पाठवला. आमच्या कामात हॉटेलवाल्यासारखा साक्षीदार नाही. त्याला येणारे-जाणारे सगळे दिसतात. त्याने शनिवारचं बोलणंही ऐकलं होतं आणि सोमवारी तिला आत जाताना पाहिलं होतं. म्हणजे राग होता, धमकी होती, किल्ली होती, संधी होती. संगणकाच्या गुन्ह्यांसाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. बेकायदा आत शिरून नुकसान केल्याचा गुन्हा मी दाखल करून घेतला. एवढ्यात वरून फोनही आला, 'अध्यक्षांचं काम लवकर बघा' म्हणून. मी मनात अटक करून मोकळा झालो होतो. फक्त कागद बाकी होते.

आमच्या ठाण्यात एकच महिला कॉन्स्टेबल होती. तिने अकराच्या सुमाराला शिक्षिकेला घरून आणलं. मागोमाग तिचे वडील आले. हंगाम संपवून आठवड्यापूर्वीच कारखान्यावरून परतलेला माणूस. आत या म्हटलं तरी आले नाहीत, लिंबाच्या पारावर बसून राहिले.

मी आवाज चढवूनच सुरुवात केली.

"शनिवारी तुम्ही धमकी दिली होती?"

"बोलले साहेब. रागात बोलले."

"आज खोलीत कशाला गेलात?"

"कपाटात माझ्या वह्या होत्या. त्या घेतल्या, किल्ली दिली. एकाही मशीनचं बटण दाबलं न्हाई."

"मग पाचही मशिनी आपोआप मेल्या?"

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली. मग मलाच विचारलं, "आज सव्वीस तारीख ना?"

"हो. त्याचं काय?"

"सहावी मशीन कोणी चालू केली का?"

सहाव्या मशीनचा पडदा, म्हणजे टीव्हीसारखा दिसणारा मॉनिटर, बिघडला होता. तो चौसाळ्याला दुरुस्तीला दिलेला असल्यामुळे ती मशीन कपड्याखाली झाकून ठेवली होती, असं अध्यक्षांनी जबाबात सांगितलं होतं. मी म्हणालो, "नाही."

"मग करू देऊ नका साहेब. आज तर कोणालाच हात लावू देऊ नका. पाया पडते तुमच्या."

माझा अनुभव असा, की दोषी माणूस आधी स्वतःचा बचाव करतो, आणि निर्दोष माणूस बहुधा गोंधळतो. ही दोन्हीपैकी काहीच करत नव्हती. स्वतःवरचा आरोप बाजूला ठेवून ती यंत्रांचीच विचारपूस करत होती. आज कळतं, की खरा माणूस ओळखण्याची तीच खूण होती. तेव्हा मला तो बेरकीपणा वाटला. मी टेबलावर हात आपटला आणि सांगितलं, की खरं बोलली नाहीस तर बीडच्या कोर्टापर्यंत फरफट होईल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलणं ढळलं नाही. माझ्यासमोरचा कागद ओढून तिने एक शब्द लिहिला: बायोस.

"मशीनमध्ये बोटाएवढी एक चिप असती साहेब. बटण दाबल्यावर मशीननं उठायचं कसं, आधी काय करायचं, नंतर काय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. त्याला बायोस म्हणतात. एक व्हायरस हाय, तो गुपचूप बसून राहतो आणि सव्वीस एप्रिलला ते लिहिलेलं पुसून टाकतो. मशीन मेलेली न्हाई. उठायचं कसं तेवढं विसरलीय. पुन्हा लिहिलं तर उठंल."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"औरंगाबादच्या सरांनी मागं पत्रात लिहिलं होतं. मला वाटलं, आपल्या खेड्यात कुठं येतोय तो."

मी उठून बाहेर आलो आणि महिला कॉन्स्टेबलला अटकेचे कागद करायला सांगितलं. ती जागची हलली नाही. आठ वर्षांची नोकरी, कधी उलट बोललेली नाही. ती हळूच म्हणाली, "साहेब, त्या सरांना एक फोन करून बघू की. अटक काय, चार वाजता बी करता येईल."

या एका वाक्यासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे. तेव्हा मात्र चिडलोच होतो. तरी, ठाण्याच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे म्हणून, रस्ता ओलांडून बूथवर गेलो. औरंगाबादचा नंबर लागायला चार खेपा कराव्या लागल्या. सरांनी फोन उचलल्यावर मी हुद्दा सांगितला, हकीकत सांगितली. ते एकदम म्हणाले, "साहेब, ती माझी विद्यार्थिनी आहे, हे तुम्ही बाजूला ठेवा. पण सकाळपासून माझ्या टेबलावर अशाच मशिनी येऊन पडल्यात. वेगवेगळ्या गावांच्या. त्या सगळ्या काय तिने मोडल्या?"

ते पुढे म्हणाले, "तुमच्याकडे एक मशीन आज बंद राहिली आहे ना? मग देवच पावला. तिच्यावरून बाकीच्या जिवंत करता येतील. मी फ्लॉप्या पाठवतो आणि कसं करायचं ते तिला समजावतो. तिला फोनवर बोलवा."

अर्धा तास ती बूथच्या पायरीवर बसून वहीत लिहून घेत होती. मी उन्हात उभा होतो. अटक केली नाही. बोलावलं की हजर राहण्याची नोटीस देऊन तिला घरी पाठवलं आणि क्लासच्या खोलीला लाखेचं सील लावलं. जाताना तिचे वडील पारावरून उठून माझ्याजवळ आले.

"साहेब, लेकीनं गुन्हा केला आसंल तर ठिवा तिला, मी न्हाई म्हनत न्हाई. पर तिनं ल्हानपनापासून कंदी काई मोडलं न्हाई. आमच्या तांड्यातला एक बी रेडिओ तिनं बंद राहू दिला न्हाई."

मी त्यांना खुर्ची दिली नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं.

बुधवारी दुपारी एस.टी.च्या कंडक्टरने स्टीलचा जेवणाचा डबा आमच्या शिपायाकडे दिला. आत पोळीऐवजी रुमालात गुंडाळलेल्या तीन फ्लॉप्या होत्या. काम करायचं ठरलं गुरुवारी सकाळी. पण शिक्षिका म्हणाली, "प्रोग्रामचं मी बघते साहेब. पण चालू मशीनमधून चिप काढावी लागती. माझा हात कापंल. चौसाळ्याच्या अप्पांना बोलवा."

हे अप्पा म्हणजे चौसाळ्याला हमरस्त्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेले पन्नाशीचे गृहस्थ. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं सावकाश. क्लासचा बिघडलेला पडदा त्यांच्याकडेच होता. मी जीप पाठवली तर दुकानाला कुलूप लावून, दुरुस्त केलेला पडदा मांडीवर घेऊनच आले. म्हणाले, "संगणक म्या आतून कंदी बघितला न्हाई. पर चिप ती चिपच. करंट चालू आस्ताना काडायची म्हंता? बघू की."

गुरुवारी दहा वाजता सील तोडलं. दोन पंच, अध्यक्ष, महिला कॉन्स्टेबल, अप्पा, शिक्षिका आणि मी. वीज मंडळाच्या इंजिनिअरला मी आधीच विनंती केली होती. बारापर्यंत लाइट घालवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला आणि पाळला. त्या दिवसांत ही लहान गोष्ट नव्हती.

पंचनामा महिला कॉन्स्टेबल लिहीत होती. पहिल्या बंद पडलेल्या मशीनचं झाकण उघडून अप्पांनी चिप काढली, तेव्हा ती अडली. "साहेब, हे काय म्हणून लिहू?" मी हातात घेऊन पाहिली आणि सांगितलं, "काळ्या रंगाचा, दोन्ही बाजूंना सोळा सोळा पाय असलेला, गोमेसारखा दिसणारा एक तुकडा." तसंच लिहिलं. तो पंचनामा आजही कुठल्या तरी कपाटात असेल.

आता सहाव्या, चांगल्या मशीनची पाळी. मशीन बंद असतानाच अप्पांनी तिची चिप उचलली, खालून जाड सुती दोरा ओवला आणि चिप पुन्हा बसवली, पण अलगद, पूर्ण न दाबता. शिक्षिकेने सरांच्या फ्लॉपीवरून मशीन चालू केली. मशीन अशी उठवली की व्हायरस जागा होत नाही, असं तिने पंचांना समजावलं. मग चांगल्या चिपमधला मजकूर तिने फ्लॉपीवर उतरवून घेतला.

"आता मशीन उठलीय," ती म्हणाली. "उठल्यावर तिला चिपची गरज न्हाई. चालू असतानाच चांगली चिप काढायची, तिच्या जागी मेलेली बसवायची, आणि मशीनला सांगायचं, लिही."

"उलटी बसली तं?" अप्पांनी विचारलं.

"जळंल."

"आन् पाय दुसऱ्या कशाला लागला तं?"

"मशीनच जाईल अप्पा. मग एकही न्हाई राहणार."

अध्यक्ष खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अप्पांनी हाताची अंगठी काढून पंचाकडे दिली, तळवे धोतराला पुसले, डोळे मिटून दोन क्षण थांबले. मग दोऱ्याची दोन्ही टोकं धरून सरळ वर उचलली. चिप दोऱ्यावर झुलत वर आली. पंखा फिरतच होता. पडद्यावरची अक्षरं तशीच होती. दुसऱ्या हाताने त्यांनी मेलेली चिप खाचेची बाजू पाहून जागेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली.

शिक्षिकेने कळ दाबली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. मग पट्टी भरली. सहावी मशीन बंद करून अप्पांनी तिची चांगली चिप परत बसवली, नव्याने लिहिलेली चिप मूळ मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं. एक बारीक 'टुक' झाला आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. पंच टाळ्या वाजवायला लागले. मी त्यांना गप्प केलं.

अध्यक्ष मात्र वकिली डोक्याचे. ते म्हणाले, "साहेब, दुरुस्त झालं हे चांगलंच. पण ज्याला दुरुस्त करता येतं, त्यालाच मोडता येतं. तिनं मोडलं न्हाई कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. तपास करणाऱ्याने तो स्वतःच विचारायला हवा होता. मी शिक्षिकेकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "आधी तपासू, मग दाखवते." सरांच्या तिसऱ्या फ्लॉपीत व्हायरस शोधणारा प्रोग्राम होता. तो सहाव्या मशीनवर चालवला. दूषित फायलींची नावं पडद्यावर येऊ लागली. बरीचशी एकाच कप्प्यातली होती. कुंडली मांडायच्या प्रोग्रामची.

"हा प्रोग्राम कोणी टाकला?" मी विचारलं.

अध्यक्षच म्हणाले, "मी. मॅडम मार्चमध्ये रजेवर गेलत्या तवा. पुण्याच्या पाहुण्यानं शिडी दिलती. सगळ्या मशिनींवर टाकून घेतला." सीडी त्यांच्या टेबलाच्या खणातच होती. ती तपासली. तिच्यातही तेच निघालं.

तरी मला पंचांसमोर पक्का पुरावा हवा होता. शिक्षिकेला आणि अप्पांना मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून उभं केलं. अध्यक्षांची लेखी संमती घेतली आणि त्यांनाच सहाव्या मशीनसमोर बसवलं. "तुमच्या हाताने तारीख मागे घ्या. सोमवारची करा. आणि मशीन रोजच्यासारखी चालू करा."

ती लांबून सांगत होती, ते एकेक कळ दाबत होते. तारीख बदलली. मशीन नेहमीसारखी उठली, रंगीत चित्र आलं, आणि थिजली. अध्यक्षांनी माऊस हलवला. काही नाही. बंद करून चालू केली. पंखा फिरला. पडदा काळा.

अध्यक्षांनी हात कीबोर्डवरून उचलले, भाजल्यासारखे. मग खुर्ची वळवून म्हणाले, "पोरी, मी लई चुकलो."

ती अप्पांना म्हणाली, "दोरा हाय ना अजून?" आणि नुकत्याच उठवलेल्या मशीनवरून त्या दोघांनी सहावी पुन्हा जिवंत केली. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

गुन्हा मी 'सी समरी'त काढायचा अहवाल पाठवला. म्हणजे गैरसमजुतीने दाखल झालेला, कोणावर दोष न ठेवता बंद करायचा. अध्यक्ष माफीचा कागद लिहून द्यायला तयार होते. शिक्षिकेला तो नको होता. "लिहून नको साहेब. जिथं बोलले तिथंच बोलू द्या." दुसऱ्या दिवशी क्लासच्या दारात, मुलांसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडमचा काई दोष न्हाई. दोष माझ्या शिडीचा हाय. मी उगं आळ घेतला." एवढं बोलायला मोठ्या माणसाला किती जड जातं, हे मी जवळून पाहिलं. त्याबद्दल मी त्यांनाही मानतो.

माझी माफी राहिली होती. ती मागायला मी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडिलांनी बाज टाकली, गुळाचा चहा केला. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडलो. चूक झाली." ती म्हणाली, "तुमी फोन लावला साहेब. दुसऱ्यानं लावला नसता." खरं तर तो फोन माझ्या डोक्यातून आलेला नव्हता, हे मी तिला सांगून टाकलं. नंतर तिने महिला कॉन्स्टेबलला साडी नेऊन दिली, असं कानावर आलं.

उरलेल्या चार मशिनी तिने आणि अप्पांनी दोन दिवसांत उठवल्या. डिस्कवरचे प्रोग्राम पुसले गेले होते, तेही पुन्हा भरले. तिला तिथे नोकरी करायची नव्हती. मी विचारलं, मग एवढी मेहनत कशासाठी? तिने सरळ सांगितलं, "पंधरा दिवसांवर पोरांची परीक्षा हाय." प्रमाणपत्रं हजेरी पाहूनच द्यायची, हे अध्यक्षांनी मान्य केलं आणि परीक्षेपर्यंत ती थांबली. पुढे चौसाळ्याला अप्पांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिने स्वतःचा क्लास काढला. माझी बदली झाली तेव्हा तिथे दोन मशिनी होत्या आणि बसायला जागा नव्हती.

मला या केसने काय शिकवलं, असं लोक विचारतात. संगणक शिकवला नाही. तो मला आजही धड येत नाही. एवढं मात्र कळलं, की राग, धमकी, किल्ली आणि संधी हे सगळं एका माणसाकडे बोट दाखवत असलं तरी गुन्हा घडलाच आहे का, हे आधी तपासायचं असतं. ज्या विषयात आपण अडाणी आहोत, तिथे आवाज चढवायचा नाही, विचारायचं. त्यानंतर अटकेच्या कागदावर सही करण्याआधी मी हाताखालच्या माणसाला विचारायची सवय लावून घेतली: तुम्हाला काय वाटतं? पुष्कळदा ऐकलेलं उत्तर आवडलं नाही. काही वेळा त्याने एखाद्याचं घर वाचलं.

नोकरीत मला गुन्हे उघड केल्याबद्दल प्रशस्तिपत्रं मिळाली. या केसबद्दल काही मिळालं नाही. बंद झालेल्या फायलीबद्दल काय मिळणार? पण रात्री शांत झोप लागते, ती त्या प्रशस्तिपत्रांमुळे नाही. न कचरणारी एक कॉन्स्टेबल, फोनवर खरं बोलणारे एक सर, जिवंत करंटमध्ये हात घालणारे अप्पा, आणि माझ्या दरडावण्याखाली बसूनही यंत्रांची काळजी करणारी ती मुलगी, या चौघांनी मिळून मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप करू दिलं नाही. लोक समजतात, मी तिला सोडलं. खरं म्हणजे सुटलो मी.